प्रतिनगरातली शकीला

जूनमधल्या त्या रविवारी दारावरची बेल वाजली आणि वृषाली चौगुलेनं स्वयंपाकघरातूनच हात जोडले. "देवा, आज तरी चटणीवाले नकोत रे."

चटणीवालेच होते. या खेपेला सांगलीचे. नवरा, बायको, बायकोची बहीण आणि बहिणीच्या हातात स्टीलचा रिकामा डबा. डबाही काही लहान नव्हता, चार माणसांची आमटी मावली असती त्यात.

"तुम्हीच ना वृषालीताई? व्हिडिओतल्या?" बहीण आनंदानं म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतं, या की घरी, डबाभर देते. म्हटलं, अंबाबाईला आलोच आहोत तर जाऊन येऊ."

आता सांगा, काय करायचं? दारात आलेल्या माणसाला कोल्हापुरात कोण परत पाठवतं? वृषालीनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि बरणीचं झाकण काढलं. वर्षभर पुरावी म्हणून केलेली चटणी, मे संपून महिना होत नाही तोच अर्ध्यावर आलेली. बाहेरचं कोणी म्हणेल, चटणीच ती, एवढं काय! पण कोल्हापुरात चटणी म्हणजे भाकरीशी तोंडी लावायची ती नव्हे. ते कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट असतं, वर्षभर घरातल्या प्रत्येक भाजीत आणि आमटीत पडणारं. ते संपलं की घर अडतं. सांगलीकर डबा भरून घेऊन गेले, वर "मीठ जरा बेताचंच आहे हं" असंही सांगून गेले.

"बघितलंत?" वृषाली नवऱ्यावर उखडली. "मीठ बेताचं आहे म्हणे! आणि हे सगळं तुमच्यामुळं."

संग्रामनं पेपर तोंडासमोर धरला. त्याला माहीत होतं की हे त्याच्यामुळंच आहे.

झालं होतं असं. मे महिन्यात कॉलनीतल्या बायकांनी नेहमीसारखी मिरची आणली, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. गच्चीवर वाळवली, कांदा-खोबरं भाजलं, लसूण सोलला आणि सगळं घेऊन डंकावर गेल्या. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र, लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होणारं. तिथं उभं राहिलेला माणूस शिंकल्याशिवाय बाहेर येत नाही. वृषालीनं तिथला छोटा व्हिडिओ काढला. त्यात तिची मैत्रीण शकीला मुजावर डोक्याला फडकं बांधून म्हणते, "आता बघा कसा रंग उतरतोय," आणि 'रंग' म्हणताना अशी काही शिंकते, की फडकं सुटून मिरचीत पडतं. वृषालीनं तो आपल्या पानावर टाकला. खाली लिहिलं, "झाली एकदाची वर्षाची चटणी! हात पेटलेत, पण घर घमघमतंय." हात खरंच पेटले होते, म्हणून फोन तिनं संग्रामकडं दिला आणि ती ताकात हात बुडवून बसली. संग्राम पंख्याखाली बसून उत्तरं देत राहिला. कोणी विचारलं, "आम्हाला कधी?" की हा लिहायचा, "या की घरी, डबाभर देते." देते! बायकोच्या नावानं, बायकोच्या चटणीतून.

शकीलाची शिंक महाराष्ट्रभर गेली. तेवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं.

पण वृषाली नोकरी करत होती 'चूलघर फूड्स'मध्ये, आणि चूलघर फूड्स बनवायचं काय, तर पाकिटातला कांदा-लसूण मसाला. ती तिथं ग्राहक तक्रार विभागाची प्रमुख. 'पाकीट फाटलेलं निघालं' पासून 'तुमच्या मसाल्यामुळं सासरे रागावले' पर्यंत सगळं ती दिवसभर गोड आवाजात ऐकून घ्यायची. शकीला त्याच कारखान्यात पॅकिंगच्या लाईनवर होती. व्हिडिओत कंपनीचं नाव नव्हतं, पाकीट नव्हतं, वाईट तर एक अक्षर नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कंपनीची आठवण काढायला वृषालीला वेळ कुठला?

सांगलीकर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कामावर पोचल्या पोचल्या तिला नोटीस मिळाली.

नव्या कामगार संहितेत स्पष्ट म्हटलेलं होतं, की कर्मचाऱ्यानं स्वतःच्या पानावर काय लिहावं हा त्याचा प्रश्न, मजकुराबद्दल मालक शिक्षा करू शकत नाही. हे कलम आलं तेव्हा कामगार संघटनांनी पेढे वाटले होते. पेढे खाण्याच्या नादात खालचं पोटकलम कोणी वाचलं नाही. त्यात होतं, की मजकुरामुळं मालकाचं मोजता येण्याजोगं नुकसान झालं, तर ती शिस्तभंगाची बाब धरावी. पुढं वाचलं तेव्हाही कोणी मनावर घेतलं नाही, कारण एका पोस्टमुळं झालेलं नुकसान मोजणार कोण आणि कसं?

तेच तर प्रतिनगरानं केलं.

भाजी खारट झाली की आपण म्हणतो, मीठ कमी पडलं असतं तर बरी झाली असती. पण ती दुसरी, कमी मिठाची भाजी कोणी चाखलेली नसते. प्रतिनगर ती दुसरी भाजीसुद्धा शिजवून बघायचं. त्या यंत्राच्या पोटात लाखो खोटी माणसं होती. प्रत्येक खोटं माणूस एकेका खऱ्या ग्राहकावरून बेतलेलं. तो काय विकत घेतो, कोणत्या चित्रावर त्याचा अंगठा थबकतो, खरेदीआधी बहिणीला विचारतो की शेजारणीला, हे सगळं शिकवून शिकवून त्याला इतकं तयार करायचं, की खरा माणूस उद्या काय करेल ते खोटा आजच करून दाखवेल. मग या सगळ्यांना खऱ्यांसारखंच एकमेकांशी जोडून द्यायचं आणि ते शहर दोनदा चालवायचं. ऊन तेच, भाव तेच, लग्नसराई तीच. फक्त एकदा पोस्ट आहे आणि एकदा नाही. योगायोगाचा घोळ नको म्हणून हे शेकडो वेळा करायचं. दोन शहरांत सरासरी जो फरक उरतो, तो त्या पोस्टचा परिणाम. शास्त्र म्हणून यात खोट काढायला जागा नव्हती, आणि सगळा वैताग तिथंच होता. प्रतिनगराचे अंदाज खऱ्या विक्रीशी ताडून बघितले होते, ते जुळत होते, आणि न्यायालयांनी ते पुरावा म्हणून मान्य केले होते.

"तुम्ही काय लिहिलंत याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही, मॅम," मनुष्यबळ विभागाचा निनाद पोंक्षे अतिशय नम्रपणे म्हणाला. तिशीचा मुलगा, डोंबिवलीहून आलेला. आवाज कधी चढवायचा नाही. "काय झालं, त्याच्याशी आहे."

त्यानं भिंतीवर नकाशा दाखवला. पुणे, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडं लाल ठिपके. व्हिडिओ बघून हजारो घरांनी यंदा पाकीट घेतलंच नव्हतं. कोणी गावाकडच्या मामीला फोन केला होता, कोणी चारपाच घरं मिळून मिरची आणली होती, आणि औंधात म्हणे सोसायटीच्या पार्किंगमध्ये डंक बसवला होता.

"छान की!" वृषालीच्या तोंडून निघून गेलं.

"मॅम, असं म्हणू नका. सगळं रेकॉर्ड होतंय." निनादला खरोखरच वाईट वाटलं. "आणि दुसरा आरोप जास्त गंभीर आहे. प्रतिस्पर्धी मालाच्या मोफत वाटपाचं जाहीर आमंत्रण."

"कसलं वाटप?"

"या की घरी, डबाभर देते. तीनशेच्या वर लोकांना."

"अहो, ती म्हणायची पद्धत आहे आमची! कोण भेटलं की आपण म्हणतो, या जेवायला. म्हणून काय तो दुसऱ्या दिवशी ताट घेऊन येतो?"

"पण लोक आले ना, मॅम?"

आले होते. सांगलीचे, कराडचे, निपाणीचे. आणि तिनं प्रत्येकाला डबा भरून दिला होता. ते लिहिलंय नवऱ्यानं, असं सांगावं तर खातं तिचं, फोन तिचा, शिवाय 'देते' तर स्पष्टच दिसत होतं. संग्रामचं बॅटरी बदलून द्यायचं दुकान कंपनीच्याच डिलिव्हरीच्या गाड्यांवर चालायचं. त्याचं नाव घेतलं तर तेही जायचं. ती गप्प बसली.

"यातून मार्ग आहे," निनाद म्हणाला आणि त्यानं एक मजकूर पुढं केला. "भरपाई. ही पोस्ट तुम्ही तुमच्या पानावर टाकायची. एवढंच. मग चौकशी नाही, काही नाही."

वृषालीनं वाचलं. 'खरं सांगू? चटणी झाली एकदाची, पण आता पुरे. पाठ गेली, हात पेटले. परवा बरणी उघडायचा कंटाळा आला म्हणून चूलघरचं पाकीट फोडलं, तर घरात कोणाला फरकच कळला नाही! पुढच्या वर्षी मी बाई पंख्याखाली बसणार.'

तिच्या अंगावर काटा आला. कारण ते तिच्यासारखंच होतं. 'एकदाची' तिचं, 'मी बाई' तिचं. आपलीच साडी नेसून कोणी परकी बाई आपल्या दारात उभी राहावी, तसं तिला वाटलं.

"हे कोणी लिहिलं?"

"प्रतिनगरात बरेच मजकूर चालवून बघितले. याच्यानं सर्वांत जास्त घरं परत येतात."

"हे खोटं आहे, निनाद. आमच्या घरात तुमचं पाकीट कधी आलेलं नाही. ज्या बायकांबरोबर मी मिरच्या निवडल्या, त्यांच्या तोंडावर मी हे लिहू?"

"मला समजतंय, मॅम. पण पुढच्या सोमवारी समितीसमोर तुम्हाला जावं लागेल आणि तिथं बडतर्फीच होईल. तशी नोंद झाली की दुसरीकडं नोकरी मिळणं अवघड जातं. आणि तुमच्या सासूबाईंचं..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

सासूबाईंचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चांगल्या खाजगी रुग्णालयात, कंपनीच्या आरोग्यविम्यावर. हे त्याला माहीत असणारच, कागद त्याच्याच विभागातून जायचे. म्हणजे तोललं जात होतं ते एवढंच: एका पारड्यात म्हाताऱ्या बाईचा श्वास, दुसऱ्यात वृषालीचा शब्द. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग असं करा," ती म्हणाली. "मला काढून टाकल्यावर काय होतं, तेही चालवा की तुमच्या त्या नगरात. शकीलाची शिंक एवढी गाजली, मला काढल्याची बातमी नाही गाजणार? लोक थुंकतील तुमच्या पाकिटावर."

निनादचा चेहरा उजळला, जणू तिनं त्याच्या अभ्यासातलाच प्रश्न विचारला. "चालवलंय ना, मॅम! काही होत नाही. थोडे दिवस हळहळतात, मग विसरतात. आपले कर्मचारीही आहेत त्यात. कोणी काही लिहीत नाही."

"कोणीच?"

"नावं सांगायची परवानगी नाही." तो जरा घुटमळला. त्याला वाटत होतं, की आपण तिचं काम सोपं करतोय. "पण व्हिडिओत ज्या तुमच्यासोबत आहेत, त्यासुद्धा गप्प राहतात. शंभरात एखादी वेळ सोडली तर नेहमीच."

"आणि मी काय करते?"

"तुम्ही पोस्ट टाकता, मॅम. रविवारी, संध्याकाळच्या आत." तो ओशाळून हसला. "म्हणून तर म्हणतो, उगाच मनस्ताप करून घेऊ नका."

कारखान्याच्या फाटकाबाहेर शकीला स्कूटर घेऊन उभी होती. रोज दोघी एकत्रच जायच्या. ती मूळची पेठेतली, आणि तिथल्या जुन्या बायकांसारखी स्वतःविषयी 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची.

"काय म्हणाला त्यो पोरगा?" तिनं विचारलं. "तोंड का पाडलंयस?"

वृषालीनं सांगितलं. पोस्टचं, सोमवारचं, सासूबाईंचं. तिथंच थांबायला हवं होतं. पण दिवसभर डोक्यात तेच घुमत होतं, ते बाहेर पडलंच. "तू गप्प बसतेस म्हणे. मला काढलं तर. प्रतिनगरातली शकीला काही बोलत नाही."

"म्हंजी मशीन सांगतंय, की मी गप्प बसतो?"

"हो."

"आनि तुला पटलं?"

वृषालीला 'नाही' म्हणायला जेवढा वेळ लागायला नको होता, तेवढा लागला.

"पटलं असंल तर पटू दे," शकीला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "खरं सांगू काय तुला? कदाचित बसीनही गप्प. माझ्या घरात एकच पगार येतो, दुसरा न्हाई. माझ्या मागं कोण हाय? पन ते मी ठरवणार, वृषालीताई. रात्रभर कूस बदलून, रडून, शिव्या घालून मी ठरवणार. त्या डबड्यानं माझ्याआधी ठरवायचं आनि तू त्याचं ऐकून माझ्या तोंडाकडं बघायचं, ह्ये कुठलं वागनं?"

"अगं, मी तसं नाही म्हटलं..."

"न्हाई म्हटलंस, पन बघितलंस तसं." तिनं स्कूटर चालू केली आणि एकटीच निघून गेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वृषाली बसनं घरी आली, आणि बसमध्ये उभ्या उभ्या तिनं निनादला, कंपनीला, संग्रामला आणि सर्वांत जास्त स्वतःला शिव्या घातल्या.

त्यानंतरचा आठवडा शकीला तिच्याशी बोलली नाही. घरात संग्रामही बोलेना. एरवी अनोळखी माणसांना डबे वाटणारा हा माणूस, पण आता जेवताना ताटात बघायचा.

रविवारी जेवणं झाल्यावर वृषालीनं विषय काढला. "बोला की काहीतरी. उद्या समिती आहे माझी."

"मी काय बोलू? तू ठरव."

"तुम्ही 'तू ठरव' म्हणता तेव्हा तुमचं ठरलेलं असतं. अहो, निदान भांडा तरी!"

संग्राम आतल्या खोलीच्या दाराकडं बघत म्हणाला, "आईचं मंगळवारी आहे." बस्स. त्याच्यापुढं काही नाही. आत सासूबाई झोपल्या होत्या, सुजलेला हात उशीवर ठेवून.

वृषालीनं फोन घेतला. मजकुरातला एखादा तरी शब्द बदलावा, म्हणून ती खूप वेळ त्याच्याकडं बघत बसली. 'पाठ गेली' च्या जागी काही दुसरं? पण बदलायचं कशाला? खोटं तर खोटंच. तिनं तो आहे तसा टाकून दिला.

लगेच आवडल्याच्या खुणा पडायला लागल्या. ठाण्याच्या मामेबहिणीनं लिहिलं, "अगदी मनातलं बोललीस!" कोणी लिहिलं, "बरं झालं ताई, मला उगाच अपराधी वाटत होतं." कॉलनीतल्या बायकांपैकी कोणी काही लिहिलं नाही. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. रविवार, संध्याकाळच्या आत. आपण खोटं लिहिलं याच्यापेक्षा त्या यंत्राला ते आधीच माहीत होतं, याचाच तिला जास्त संताप आला. तिनं फोन सोफ्यावर आपटला आणि ती चहा ठेवायला गेली.

चहाला उकळी येते न येते तोच संग्राम धावत आत आला. "वृषाली, शकीलाचा व्हिडिओ बघ. बघ लवकर."

शकीला आपल्या गच्चीवर उभी होती. मागं वाळत घातलेले कपडे. डोळे सुजलेले, आवाज मात्र खणखणीत.

"मी शकीला मुजावर. ती शिंकनारी बाई. चूलघरमधी पॅकिंगला हाय. आमच्या वृषालीताईनं डंकाचा व्हिडिओ टाकला. त्यो बघून तुमी लोकांनी घरी चटणी केली, म्हनून कंपनी तिला काढाय लागल्या. नायतर लिही म्हनत्यात, की घरची नको, पाकिटातलीच चांगली. ती लिहिनार न्हाई. मी वळखतो तिला, ती मरंल पन असलं लिहिनार न्हाई. आनि कंपनीचं मशीन म्हनं सांगतंय, की शकीला गप्प बसती. ह्ये घ्या. बसली न्हाई."

व्हिडिओ संपला. प्रतिनगरात नेमकं काय चुकलं होतं, ते पुढं तज्ज्ञांनी मोठमोठे लेख लिहून समजावलं. पण गोष्ट साधी होती. प्रतिनगरातल्या शकीलाला कोणी सांगितलेलं नव्हतं, की तू गप्प बसणार आहेस. खऱ्या शकीलाला सांगितलं होतं. आणि कोल्हापूरच्या माणसाला तोंडावर सांगायचं, की हे तुझ्याच्यानं होणार नाही, म्हणजे त्याला ईर्षेवर पाडणं, जिद्दीला पेटवणं. ती ईर्षा कुठल्या खरेदीच्या नोंदीत सापडणार?

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी वृषाली व्हिडिओखालचं वाचत होती. पहिल्या दोनचार जणांनी शाबासकी दिली होती. मग कोणीतरी वृषालीची पोस्टच तिथं आणून चिकटवली होती. "अहो ताई, तिनं तर केव्हाच लिहिलं!" खाली हसणारे चेहरे. "आधी मैत्रिणीला विचारायचं तरी." पुन्हा हसणारे चेहरे. "फुकट प्रसिद्धीसाठी काय काय करतात लोक." शकीला कोणालाच उत्तर देत नव्हती.

"अगं बाई, बाई, बाई!" वृषाली ओरडली. "कोणी सांगितलं होतं हिला! सगळा आठवडा माझ्याशी बोलत नाही आणि आज... तिची नोकरी जाणार, अहो! आणि वर सगळे तिलाच हसायला लागलेत. माझ्यामुळं!"

"पोस्ट काढून टाक," संग्राम म्हणाला.

"काढून काय होतंय? लोकांकडं पोस्टचे फोटो आहेत. काढली तर म्हणतील, दोघींचं ठरवून चाललंय."

ती खाली बसली. काहीच केलं नाही तर तिची नोकरी टिकत होती. विमा टिकत होता. मंगळवार पार पडत होता. फक्त शकीला खोटी ठरत होती, एवढंच. आणि शकीलानं खोटं ठरावं असं तिनं केलं काय होतं? वृषालीवर विश्वास ठेवला होता. यंत्रानं वृषालीला बरोबर ओळखलं होतं आणि मैत्रिणीनं चुकीचं. हे वृषालीला सहन होईना. ती रडायला लागली, रागानं, नाक ओढत. आता पुढं काय होतं ते निनादला माहीत नव्हतं, यंत्राला माहीत नव्हतं. शंभरातली ती एखादी वेळ सोडली, तर बोललेली शकीला त्या नगरात नव्हतीच. म्हणजे आता जे काही व्हायचं होतं, ते वृषालीलाच ठरवायचं होतं.

"अहो," ती म्हणाली, "आईंचं काय करायचं?"

संग्राम म्हणाला, "सरकारी दवाखान्यात पण करतात. रांग असती. पहाटे जाऊन नंबर लावावा लागतो. मी लावीन." जरा थांबून तो म्हणाला, "दुकान गेलं तर तसाही मोकळाच हाय मी."

"हे आठवडाभर आधी सुचलं नाही तुम्हाला?"

"न्हाई सुचलं. भ्यालो होतो."

पोस्ट तिनं काढली नाही. तिच्याखालीच, सगळ्यांना दिसेल असं, तिनं लिहिलं: "वरचं मी टाकलं. शब्द कंपनीचे आहेत. नोकरी जाईल आणि सासूबाईंचे उपचार थांबतील, या भीतीनं टाकले. आमच्या घरात पाकीट कधी आलेलं नाही. शकीला मुजावर एक शब्द खोटं बोललेली नाही. ती फक्त माझ्याबाबतीत चुकली. तिला हसू नका, मला हसा." पुन्हा वाचलं तर धीर होणार नाही, म्हणून तिनं वाचलं नाही. पाठवून दिलं, चप्पल घातली आणि ती निघाली.

शकीला दारातच उभी होती, हातात फोन. म्हणजे वाचून झालं होतं.

"टाकलीस तू," ती म्हणाली.

"टाकली."

"म्हंजी मशीन बरोबर होतं. आनि मी गाढव, साऱ्या दुनियेला सांगत बसलो, मी वळखतो तिला, मी वळखतो तिला! माझ्या भावजयीचा फोन आला मला, हसत होती."

"हो."

"हो काय हो? भांड की जरा!"

"भांडायला तोंड कुठं ठेवलंयस मला?" वृषाली म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "तुझी नोकरी, शकीला. तुझा एकच पगार. काय करून बसलीस गं तू?"

"ते मी बघतो. तू तुझं बोल."

वृषालीचा फोन वाजला. निनादचा निरोप होता. समितीची उद्याची बैठक पुढं ढकलली आहे, कारण परिस्थितीत अनपेक्षित बदल झाल्यानं प्रतिनगर नव्यानं चालवावं लागेल. दोघींनाही त्यात नव्यानं घालण्यात येईल. निरोपाच्या शेवटी त्यानं शुभेच्छाही दिल्या होत्या. वृषालीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"चालवू दे," शकीला म्हणाली.

"आणि त्यात मी पुन्हा तशीच निघाले तर? घाबरून लिहून देणारी?"

शकीलानं डोळे पुसले, पदरानं नाही, मनगटानं, लाईनवर काम करताना पुसायची तसे.

"तर मी पुन्हा तोंडघशी पडीन," ती म्हणाली. "पन मशीनला विचारून तुला वळखनार न्हाई."

वृषाली तिथंच पायरीवर बसली. शकीलाही शेजारी टेकली, आणि मग श्वास घेऊन तिनं पुन्हा पहिल्यापासून भांडायला सुरुवात केली.